त्सात्सा लुक्रेत्सियाच्या क्रुसावरच्या खिडक्या

त्सात्सा (थोरल्या बाईला आम्ही असं म्हणतो) लुक्रेत्सिया ब्रताशानु अजून जिवंत आहे, हे आधीच सांगून टाकतो. कारण शुशेनी गावच्या दफनभूमीत तिचा क्रूस दिमाखात उभा आहे, आणि परगावचा माणूस तो बघून टोपी काढतो. समोरच्या बाकावर ती स्वतःच बसलेली असते. टोपी काढणाऱ्याला जवळ बोलावते, मूठभर सूर्यफुलाच्या बिया देते आणि विचारते, "वाचता आलं का नाव? नीट वाचा."

यात आमच्या ओल्तेनिया प्रांतातल्या माणसाला नवल वाटत नाही. शहाणी माणसं इथे आपला दगड आपणच घडवून घेतात. नाव, जन्मसाल, पुढे एक आडवी रेघ, आणि रेघेनंतर कोरी जागा. मेल्यानंतरचं जेवणही, म्हणजे पोमाना, पुष्कळजण जिवंतपणीच घालून मोकळे होतात. त्सात्साचा मुलगा इटलीत, सूनही तिकडचीच. "माझ्या माघारी ती लोकांना पिझ्झा वाढेल," असं त्सात्साचं म्हणणं. तेव्हा रुसालीच्या सणाआधीच्या शनिवारी, पितरांच्या दिवशी, स्वतःची पोमाना स्वतः घालायची आणि त्याच दिवशी पाद्रीबाबांकडून क्रूस पवित्र करून घ्यायचा, असं तिने ठरवलं. पोमानेचा कायदा साधा आहे. जे इथे हाताने द्याल, ते तिकडे तुम्हाला वापरायला मिळतं. बादली द्या, बादली मिळेल. खुर्ची द्या, बसायला खुर्ची. दिलं नाही तर तिकडे उभे राहा.

माझी आणि तिची ओळख मात्र मरणावरून नाही, कीबोर्डवरून झाली.

बसथांब्यामागे माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकान पोटासाठी. खरं काम वेगळं. आमच्या भाषेतल्या पाच अक्षरांना डोक्यावर नाहीतर पायाशी काहीतरी असतं. a वर कधी वाटी, कधी छप्पर, i वर छप्पर, आणि s नि t यांच्या पायाशी छोटी शेपटी. कॉम्प्युटर आले तेव्हा हे सगळं गळून पडलं, आणि गळालं तरी कुणाला काही वाटलं नाही. अख्खा देश टकली अक्षरं लिहितो आणि अंदाजाने वाचतो. तुमच्या लिहिण्यातले काना-मात्रा कुणी उचलून नेले तर तुम्ही गप्प बसाल का? आमचे लोक बसले. मी बसलो नाही. कुठल्या शाळेत शिकलो नाही, फॉन्ट कसे बनतात ते उघडून उघडून बघितलं, फोडले, जोडले. नगरपालिकेच्या पाटीपासून औषधाच्या दुकानापर्यंत सगळ्यांशी भांडलो. काहींनी पाट्या बदलल्या, काहींनी मला हाकललं. जिथून हाकललं तिथे मी परत गेलो.

तर एके दिवशी ही बाई मुलाने पाठवलेला कीबोर्ड काखोटीला मारून आली आणि तिने तो काउंटरवर आपटला. "ह्याच्यात माझं नाव नाही," म्हणाली.

मी समजावलं की अक्षरं आहेत, नुसती दिसत नाहीत. मांडणी बदलली की अर्धविरामाच्या बटणावर ș येतो, शेजारच्यावर ț. ती म्हणाली, मग बटणावर तसं लिहिलेलं का नाही? मी चिकटवायच्या चिठ्ठ्या काढल्या. तिने त्यांच्याकडे अशा नजरेने पाहिलं की मीच खजील झालो. लोणच्याच्या बरणीला लावतात तसल्या चिठ्ठ्या ती आपल्या मशीनला लावणार नव्हती. तेवढ्यावरून आमची जुंपली. ती मला उद्धट म्हणाली, मी तिला हेकट म्हणालो, आणि जाताना ती म्हणाली की उद्या घरी येऊन बघून जा, संध्याकाळी जेवूनच जा.

घरी गेलो तर तिने आपला इलाज आधीच केलेला. कॉम्प्युटरच्या पडद्यावर, जिथे जिथे s आणि t दिसले, त्यांच्या खाली लाल नखरंगाने ठिपके ओढले होते. शेपट्या सुरेख होत्या. मी पान खाली सरकवलं. अक्षरं वर गेली, शेपट्या जागच्या जागी लोंबकळत राहिल्या.

"पान हलवायचं नाही," ती म्हणाली. "मी हलवतच नाही."

मी हात टेकले. कीबोर्डची मांडणी बदलून दिली, आणि त्या दिवसापासून तिने मला शेपटीवाला म्हणायला सुरुवात केली. आता सगळं गाव म्हणतं.

हे वेड तिला उगाच नव्हतं. तरुणपणी ती धान्याच्या कोठारात टायपिस्ट होती. त्या काळी सरकारला टाइपरायटरची बंदुकीइतकी भीती. दरवर्षी मशीन पोलिसचौकीत न्यायचं आणि त्याच्या सगळ्या अक्षरांचा नमुना पोलिसांसमोर उठवून द्यायचा. त्सात्सा त्या दिवसासाठी केस कुरळे करून घ्यायची. मशीन जड, म्हणून कोठारातला हमाल इलारिये ते खांद्यावर टाकून तिच्या मागे चालायचा. पुढे केस, मागे मशीन. अशी काही वर्षं गेल्यावर एकदा तो म्हणाला की पोलिसांना नमुना देऊन झाला, आता पाद्रीबाबांकडे जाऊ या. गेले आणि लग्न केलं. इलारिये गेला त्याला बराच काळ झाला. त्याचा क्रूस हाताने कोरलेला आहे, आणि आडनावातली एकूण एक वाटी-शेपटी शाबूत आहे.

नंतर म्हातारपणी पेन्शनच्या कचेरीत कॉम्प्युटर आले. त्यांनी तिच्या नावातल्या ज्या अक्षरांना काही चिकटलेलं होतं, ती सगळी काढून तिथे प्रश्नचिन्हं छापली. खिडकीतल्या बाईने विचारलं, ही प्रश्नचिन्हं म्हणजे तुम्हीच कशावरून? त्सात्साने तिला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण तेव्हापासून तिच्या मनात बसलं की यंत्राच्या हातात नाव दिलं की ते परत येत नाही.

आणि तरीही तिने क्रूस यंत्रावर करायला टाकला. कारण तिची नणंद साफ्ता.

साफ्ता दिनु. पलीकडच्या रांगेत तिचा क्रूस आधीच उभा होता, काळ्या ग्रॅनाइटचा, यंत्राने कोरलेला, आरशासारखा. त्यावर साफ्ता ऐटीत म्हणायची, "माझ्या नावाला ना टोपी लागते ना शेपटी. देवाने सुटसुटीत दिलंय." हे ऐकल्यावर त्सात्साला हाताने कोरलेला साधा दगड कसा चालेल? तिलाही यंत्राचा हवा होता, त्याहून चकचकीत, आणि अक्षरं लग्नपत्रिकेवर असतात तशी, वेलबुट्टीची.

शहरात फनेल नावाचा दगडवाला आहे. बाप छिन्नी-हातोड्याने कोरायचा. फनेलने यंत्र घेतलं आणि छिन्नी भिंतीवर शोभेला लावली. रबराचा पापुद्रा दगडावर चिकटवायचा, यंत्र त्यात अक्षरं कापतं, कापलेली अक्षरं चाकूच्या टोकाने सोलून काढायची आणि वाळूचा फवारा मारायचा. उघडं राहिलं तेवढं कोरलं जातं. त्सात्साने त्याच्याकडे जाऊन फॉन्टच्या नमुन्यांतून सगळ्यात नखरेल निवडला. मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की असल्या नखरेल फॉन्टांत आमची अक्षरं नसतात.

पोमानेच्या आदल्या आठवड्यात क्रूस आला, बसवला, आणि तिने मला बघायला बोलावलं.

चकचकीत होता. वेलबुट्टी झकास होती. फक्त नावात एक, आणि आडनावात तीन, अशा चार ठिकाणी अक्षराच्या जागी रिकामी चौकट होती. फॉन्टमध्ये अक्षर नसलं की कॉम्प्युटर तिथे डबा दाखवतो, तोच डबा यंत्राने इमानाने ग्रॅनाइटमध्ये कोरला होता. वर सोनेरी मुलामाही दिला होता.

त्सात्सा जाऊन बाकावर बसली. मला ते फार लागलं, कारण एरवी तिने फनेलच्या सात पिढ्या काढल्या असत्या. पलीकडून साफ्ताने मान उंचावली आणि म्हणाली, "खिडक्या छान काढल्यात गं. हवा खेळती राहील."

मी तडक फनेलकडे गेलो. बोलायच्या आधी त्याच्या काउंटरवर मूठ आपटली, म्हणजे विषय लक्षात राहतो. तो खरोखर बुचकळ्यात पडला. क्रुसावर मेलेल्याचा फोटो लावायची आमच्याकडे पद्धत आहे, चिनी मातीच्या लंबगोल तुकड्यावर छापलेला. त्याला वाटलं, बाईंनी फोटोंसाठी चौकटी मागितल्या आहेत.

"नावाच्या मध्ये?" मी विचारलं.

"हौस असते एकेकाची. मी म्हटलं, एक नवऱ्याचा, एक स्वतःचा, बाकी दोन नातवंडं असतील."

नवा दगड एवढ्यात येणार नव्हता. साधा फॉन्ट त्याच्याकडे होता, सगळ्या शेपट्यांसकट, मीच कधीतरी बळेबळे दिलेला. पण तो त्सात्साने दाखवताक्षणी नाकारला होता, बसच्या पाटीसारखा दिसतो म्हणून. मग तोडगा मी काढला. फोटो चिकटवतात तशाच ग्रॅनाइटच्या पातळ पाट्या करायच्या, एकेका पाटीवर एकेक अक्षर, आणि चौकटींवर बसवायच्या. तो नखरेल फॉन्ट मी घरी आणला, उघडला आणि त्यात नसलेली अक्षरं स्वतः काढली. शेपटीसाठी जीव ओतला. इथे एक गोष्ट लोकांना कळत नाही. वर्षानुवर्षं कॉम्प्युटरवाले आमच्या गळ्यात तुर्की शेपटी मारत आले, अक्षराला चिकटलेली. आमची शेपटी चिकटत नाही. ती अक्षराखाली सुटी, आपल्या पायावर उभी असते. मी ती सुटीच काढली, आणि अशी डौलदार काढली की मलाच माझा अभिमान वाटला.

शुक्रवारी दुपारी फनेलचा माणूस पाट्या घेऊन त्सात्साच्या अंगणात आला. तिथे पोमानेची धांदल चालली होती. आळीतल्या बायका कणिक मळत होत्या, कोलाच म्हणजे पोमानेचे गोल कड्यासारखे पाव वळत होत्या. उकडलेल्या गव्हाचा गोड कोलिवा परातीत निवत होता. साफ्ताही होती, भांडण कितीही असो, पीठ मळायला ती आल्याशिवाय राहत नाही. मी कागद सोडवला.

T. A. A. S. चारही टकली.

झालं असं होतं की फनेलच्या माणसाने पाटीवरच्या रबरातून अक्षरं सोलून काढली, पण खालचे नि वरचे सुटे कण त्याला यंत्राने चुकून पाडलेले काप वाटले, ते त्याने सोललेच नाहीत. जन्मभर टकली अक्षरं बघितलेला माणूस. त्याच्या डोळ्याला काही कमी आहे असं वाटलंच नाही. कण रबरातच राहिले, फवारा त्यांच्यावरून गेला. मी फनेलला फोन लावला, तर तो मलाच म्हणाला, "तुर्की शेपटी दिली असतीस तर अक्षराबरोबर सोलून आली असती."

मी फोन फेकला. नशिबाने तो कणकेत पडला.

एवढ्यात पाद्रीबाबा साविन दुसऱ्या दिवसाची तयारी बघायला आले. त्यांनी समजूत घातली की देवाला सगळ्यांची नावं ठाऊक असतात, शेपटी असो वा नसो. त्सात्सा म्हणाली की देवाची तिला काळजी नाही, पण देवापर्यंत पोचायच्या वाटेवर जे नाके आहेत, तिथे जे कुणी बसलेत ते कागद बघणार, आणि अशा लोकांना ती चांगली ओळखते, तिने सगळा जन्म कचेरीत काढलाय. पाद्रीबाबांनी मान डोलावली. पेन्शनच्या कचेरीत तेही जाऊन आलेले.

मग ती कणकेच्या परातीकडे बघत, कुणालाच उद्देशून नाही अशी बोलली.

"इलारियेला वाचता येत नव्हतं. सही तेवढी यायची. कोठारात हजेरीच्या फळ्यावर सगळ्यांची नावं असायची, त्यात माझं तो शेपट्यांवरून ओळखायचा. म्हणायचा, ते खाली पाय सोडून बसलेलं आहे ना, ते तुझं. आता तो तिकडे नावं बघत बसला असेल. हे टकलं काय ओळखणार तो?"

साफ्ता तिची नणंद, म्हणजे इलारियेची सख्खी बहीण. तिने एप्रनच्या टोकाने नाक पुसलं आणि पीठ जास्तच जोरात मळायला लागली.

मी फनेलला शिव्या द्यायला लागलो. त्सात्साने मला गप्प केलं. तिने कणकेचा एक गोळा उचलला, दोन्ही तळव्यांत लांब केला, त्याचा वळणदार s केला आणि खाली चिमूट काढून शेपटी ठेवली.

"जे देईन ते तिकडे मिळतं ना, पारिंते?" पाद्रीबाबांना आम्ही पारिंते म्हणतो.

पाद्रीबाबा सावधपणे म्हणाले की हो, परंपरा तशी आहे.

"मग मी शेपट्या देते. खाऊ देत सगळे. तिकडे ढिगाने पोचतील."

त्यानंतर त्या अंगणात जे झालं त्याला तोड नाही. गोल कडी मोडली गेली. बायका ș वळायला लागल्या, ț वळायला लागल्या, a च्या डोक्यावर कणकेची वाटी बसवायला लागल्या. मी परातीपरातीतून हिंडत ओरडत होतो की शेपटी सुटी ठेवा, चिकटवू नका, तुर्की होईल. एका म्हातारीने विचारलं, सुटी शेपटी भट्टीत पडली तर? मी म्हटलं, पडू दे, पण तुर्की नको. शेवटी त्सात्साने निकाल दिला की भट्टीत काडीने जोडायची आणि वाढताना काडी काढायची. माझं एवढ्या वर्षांचं काम एका काडीवर तगलं. मी मान्य केलं.

शनिवारी गाव लोटलं. क्रुसावर टकल्या पाट्या बसवलेल्या होत्या, आणि त्सात्साने कोलिव्यावर सजावटीला लावतात त्या चंदेरी साखरगोळ्या साखरेच्या पाकाने त्यांना चिकटवल्या होत्या, योग्य जागी, लाल नखरंगाच्या अनुभवाने. पाद्रीबाबांनी नाव वाचलं, पाणी शिंपडलं, आणि पाक पातळ होऊन गोळ्या सावकाश खाली घसरायला लागल्या. पाद्रीबाबांनी प्रार्थनेचा वेग वाढवला. नाव पूर्ण असेपर्यंत त्यांनी आमेन गाठलं. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही.

मग वाटप. प्रत्येकाला मेणबत्ती, टॉवेल आणि एक अक्षर. पोमानेला नाही म्हणता येत नाही, हा नियम. घ्यायचं आणि "बोग्दाप्रोस्ते" म्हणायचं, म्हणजे देव ते पोचतं करो. साफ्ताची पाळी आली तेव्हा त्सात्साने टोपलीतला सगळ्यात मोठा ș निवडला.

"घे. तुझ्याकडे एकही नाही."

साफ्ताने घेतला. सगळ्या गावासमोर बोग्दाप्रोस्ते म्हणाली. आणि खाल्ला, शेपटी आधी.

मला कीबोर्ड मिळाला. बटणांवर आमची अक्षरं छापलेला, चिठ्ठ्यांचा नव्हे. तो तिने मलाच शोधून आणायला लावला होता, कुठून कुठून मागवून. आता त्याला फुलाफुलांचा टॉवेल बांधून, वर मेणबत्ती खोचून, तो मलाच दान केला. तिकडे गेल्यावर आपल्याला धड मशीन हवं, तिथे कोण चिठ्ठ्या देत बसणार, असा तिचा हिशेब. मी बोग्दाप्रोस्ते म्हणालो. आणि ș चं बटण तिथेच एकदा दाबून बघितलं.

फनेलही आला होता. फुकटचं जेवण तो सोडत नाही. त्याने कोबीत गुंडाळलेले सरमाले हाणले, ț चे दोन पाव खाल्ले आणि तोंड पुसत होता, तेव्हा त्सात्सा त्याच्यासमोर उभी राहिली.

"फनेल, बाळा, खाल्लास ना? ते पोचलं मला. आता इथलं तू बसव."

पोमाना पोटात असताना माणसाला नकार देता येत नाही. सणाचा आठवडा सरल्यावर तो आला. उभ्या क्रुसावर यंत्र चालत नाही, म्हणून भिंतीवरची बापाची छिन्नी उतरवून आणली होती. पाट्या पातळ, एक जास्तीचा घाव बसला तर तुकडे. मी मागे उभा राहून सूचना देत होतो, तर त्याने छिन्नी माझ्याकडे रोखून सांगितलं की बसथांब्यावर जाऊन उभा राहा. मी दोन पावलं मागे झालो, त्याहून जास्त नाही.

शेपट्या उतरल्या. वाट्या उतरल्या. ș ची शेपटी मात्र जरा डावीकडे कलली. माझं पित्त खवळलं, मी तोंड उघडणार, एवढ्यात त्सात्साने वाकून तिच्यावरून बोट फिरवलं.

"माझ्या मशीनवरही अशीच तिरकी पडायची," ती म्हणाली. "राहू दे. ह्याच्यावरून लगेच ओळखेल तो."

आता ती रोज दुपारी बाकावर बसते आणि आपलं नाव वाचते. साफ्ता आपल्या बाकावर बसते आणि तीही त्सात्साचंच नाव वाचते, कारण तिचं स्वतःचं लगेच संपतं.

परवा साफ्ता माझ्या दुकानात आली. इकडेतिकडे बघितलं, दार लोटलं, आणि हळूच विचारलं की तिच्या क्रुसावर एखादी शेपटी बसवता येईल का. मी विचारलं, कुठे? नावात जागाच नाही. ती म्हणाली, कुठेही, बाजूला चालेल, नुसती असली म्हणजे झालं. मी भडकलो. शेपटी म्हणजे काय झुमका आहे का, म्हणालो, भाषेचे काही नियम असतात. तिला दाराबाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

संध्याकाळी त्सात्साचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं.

"देऊन टाक रे तिला एक," ती म्हणाली. "माझ्याकडे तिकडे ढीग पडलाय."